आमच्या गाडीवाटेची नोंद कुठे करायची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत किल्ल्यांवर पानभर लेख आला होता. २०२५ मध्ये आपले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्याबद्दलचा. वाचून खूप बरं वाटलं, कात्रण काढून ठेवलंय. पण वाचता वाचता एक गोष्ट मनात घोळायला लागली ती अजून जात नाहीये म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबलंय, जमेल तेवढं छापा.

किल्ला बांधायचा कशासाठी? तर बऱ्याचदा खालून जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला. घाट आहे म्हणून गड आहे. आता गडावर बोर्ड लागतात, तटबंदीची दुरुस्ती होते, पण ज्या वाटेसाठी तो गड उभा राहिला त्या वाटेला ना बोर्ड ना नंबर. ती कुणाच्या वहीत नाही.

मी ठाण्यात कळव्याला राहते, माहेर मुरबाड तालुक्यातलं. गावाबाहेर निघालं की ओढ्यापर्यंत आमची एक गाडीवाट होती. घाटावर अशा वाटेला पाणंद म्हणतात, विदर्भात पांदण, आमच्याकडे नुसती गाडीवाट. दोन्ही बाजूला शेतं, आणि वाट मात्र शेतांपेक्षा पुरुषभर खाली, म्हणजे आत उभं राहिलं की दोन्हीकडे मातीचे बांध आणि त्यावर शेर, निवडुंग, करवंदीच्या जाळ्या, निरगुडी, वरून फांद्या अशा जुळलेल्या की मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा तिथे गार वाटायचं. मधे एक चिंच होती आणि चिंचेखाली एक विरगळ, त्याला शेंदूर फासलेला, आम्ही त्याला देवच समजायचो, तो लढाईत मेलेल्या माणसाचा दगड आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

गेल्या उन्हाळ्यात तिथे जेसीबी आला. चार दिवसात बांध सपाट, झाडी साफ, वाट भरून वर आणली आणि त्यावर काँक्रीट. विरगळ काढून देवळामागे टेकवून ठेवलाय. चिंच राहिली, कारण वहिनी आणि शेजारच्या बायका तिच्याखाली जाऊन बसल्या.

आधीच सांगते, मी रस्त्याच्या विरोधात नाही. माझ्या आईला पावसाळ्यात त्या चिखलातून डोलीत घालून मेन रोडपर्यंत आणावं लागलं होतं, ते मी विसरलेले नाही. ट्रॅक्टर जायला पाहिजे, अॅम्ब्युलन्स यायला पाहिजे, भाताच्या गोणी वेळेत बाहेर पडायला पाहिजेत. राज्य सरकारने २०२१ ला मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आणली ती गरजेचीच होती, लोकं वर्षानुवर्षं मागत होती. माझं म्हणणं एवढंच आहे की काँक्रीट ओतायच्या आधी कोणीतरी एक दिवस तिथे टेप घेऊन जावं, फोटो काढावेत आणि काय काय होतं ते लिहून ठेवावं. कारण अशी वाट म्हणजे नुसती मोकळी जागा नसते. ती आपल्या गावातली सगळ्यात जुनी वस्तू असू शकते, देवळापेक्षाही जुनी.

वाट खोल का जाते ते बघा. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उन्हाळ्यात बैलगाडीची लोखंडी धाव मुरूम कुटते, जनावरांचे खूर माती भुसभुशीत करतात आणि पावसाळ्यात पाणी सगळ्यात सखल जागा शोधत त्याच वाटेतून धावतं आणि ती मोकळी झालेली माती घेऊन जातं. पुढच्या वर्षी परत तेच. वर्षाला बोटभर नाही, त्याहून कितीतरी कमी, पण दर वर्षी. शिवाय शेतकरी शेतातले दगड वेचून बांधावर टाकतो, बांध वर चढतो, वाट खाली उतरते. पुरुषभर खोल वाट ही एका माणसाच्या आयुष्यात होत नाही, किती पिढ्या चालल्या असतील याचा विचार करा. अर्थात माती भुसभुशीत असली तर लवकर खचते, खडक असला तर नुसते गुळगुळीत घासलेले टप्पे दिसतात, त्यामुळे फक्त खोलीवरून वय सांगता येत नाही. पण खोली हा एक पुरावा आहे, आणि आम्ही तो चार दिवसात भरून टाकला.

गाडीच्या चाकांनी पडलेल्या त्या दोन खाचांना चाकोरी म्हणतात. आपण चाकोरीबद्ध आयुष्य म्हणतो ते यावरून. वहिवाट या शब्दात वाट आहे, आणि कोर्टात जमिनीच्या भांडणात पहिला प्रश्न वहिवाट कुणाची हाच असतो. मळलेली वाट, आडवाट, वाटाड्या, वाटसरू, वाटमारी, आणि एखाद्याची वाट बघणं, वाट लागणं. आपली निम्मी भाषा या वाटांवरून चालत आलीय.

इंग्लंडमध्ये अशा झाडीतल्या खोल जुन्या वाटांचा शंभर वर्षं चांगला अभ्यास झालाय. तिथल्या सरकारी नकाशा खात्याने १९२० मध्ये क्रॉफर्ड नावाचा खास पुरातत्त्व अधिकारी नेमला, तो विमानातून काढलेल्या फोटोंवरून जुन्या शेतांच्या आणि वाटांच्या खुणा शोधायचा. सॉमरसेटच्या दलदलीत लाकडी फळ्या टाकून केलेली एक पायवाट १९७० मध्ये सापडली, लाकडातल्या वर्षवलयांवरून तिचं वय निघालं इसवी सनापूर्वी ३८०७-०६ सालचा हिवाळा किंवा वसंत, म्हणजे वर्ष सोडा, मोसमसुद्धा सांगता आला. मॅक्स हूपर नावाच्या शास्त्रज्ञाने कुंपणाच्या वयाचा एक ढोबळ हिशोब मांडला की तीस यार्ड लांबीच्या कुंपणात झाडाझुडपांच्या जितक्या जाती तितकी शतकं. नंतरच्या लोकांनी तो इतका सरळ नाही म्हणून दाखवलं. आपल्याकडे तर तो मुळीच चालणार नाही, कारण शेराची किंवा निवडुंगाची फांदी खोचली की लागते आणि करवंद पक्षी पेरतात. पण कुंपण हासुद्धा कागद आहे, तो वाचता येतो, ही दृष्टी मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते. आणि १९४९ च्या कायद्याने तिथे प्रत्येक जिल्ह्याला सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करावा लागला. त्या नकाशावर एकदा वाट आली की ती मालकाच्या लहरीवर बंद होत नाही.

आता आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे नकाशा आहे! हे किती लोकांना माहीत असतं मला माहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. आमचे काका मोजणी खात्यात होते, त्यांनी मला लहानपणी गावनकाशा वाचायला शिकवला. या भागात इंग्रजांची रीतसर जमीन मोजणी १८३० च्या दशकात इंदापूरपासून सुरू झाली आणि मग गावोगाव पसरली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, आणि ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट म्हणजे आपला एक गुंठा. गावनकाशात पायमार्ग तुटक रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी धरतात सव्वाआठ फूट. गाडीमार्ग साडेसोळा फुटांपासून पुढे. हे आकडे विचित्र वाटतात ना? साखळीने भाग देऊन बघा, सव्वाआठ म्हणजे चार आणे, साडेसोळा म्हणजे आठ आणे. काका म्हणायचे पायवाट चार आण्याची, गाडीवाट आठ आण्याची, मी ते गाण्यासारखं म्हणत फिरायचे.

त्या नकाशात अजून एक गंमत दिसते. काही ठिकाणी वाट शेताच्या मधून तिरकी जाते, बांधांची पर्वा न करता. काही ठिकाणी मात्र शेतांच्या हद्दीच वाटेप्रमाणे वळतात, वाट वाकली तिथे सर्व्हे नंबरही वाकलेला. दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा वाट आधीची आणि शेतांची वाटणी नंतरची, कारण कुणी आपलं शेत उगाच वाकडं करत नाही. आणि गावाची शीव वाटेवरून जात असेल तर ती वाट फारच जुनी असण्याची शक्यता. मुंबईतलं शीव म्हणजे सायन, तो शब्द हाच. हे बघायला कुठलं मशीन लागत नाही, भूनकाशा आता मोबाईलवर उघडतो, सॅटेलाइटचा फोटो शेजारी ठेवला की झालं.

आमची गाडीवाट ओढ्यापलीकडे जाऊन मुरबाडच्या रस्त्याला आणि तिथून पुढे वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेला मिळायची. वैशाखरे म्हणजे नाणेघाटाचा पायथा. ठाणे जिल्ह्यातल्या किती मुलांनी नाणेघाट बघितलाय, पावसाळ्यात तर जत्राच असते, सगळे नानाचा अंगठा बघतात, लेण्यात फोटो काढतात. बरेच जण वरून घाटघरकडून गाडीने येतात, जी वाट चढायला हा घाट कोरला ती पायाखाली न घेताच परत जातात. लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, यज्ञांची आणि दानात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाण्यांची यादी, आणि त्यात आकडे कोरलेत, भारतातल्या अगदी जुन्या अंकचिन्हांपैकी. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, त्या आता नाहीत, भिंतीवर नावं तेवढी आहेत. वर तो मोठा दगडी रांजण, जकातीचा म्हणतात. शेजारी पहाऱ्याला जीवधन किल्ला.

पण सोपारा आणि कल्याणच्या बंदरापासून हा घाट, पुढे जुन्नर आणि पैठण, ही अख्खी एक वस्तू आहे हो. लेणं म्हणजे त्यातला एक मणी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये, कल्याण आणि सोपाऱ्याचं नाव आहे, आणि पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे, तेर तिथून पूर्वेला अजून दहा दिवस, माल गाड्यांवर लादून मोठमोठ्या वाट नसलेल्या मुलखातून आणतात असं लिहिलंय. बघा म्हणजे अंतर मैलात नाही, दिवसात मोजलंय. माझी आजीसुद्धा तसंच मोजायची, अमुक गाव किती लांब तर "कासराभर दिवस चढला की पोचतो". कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण, सोपारा, चौल, नाशिकच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. ही माणसं किंवा त्यांचा पैसा तिथे चालतच आला असेल ना? आणि कान्हेरीचं जंगल म्हणजे आपल्या येऊरचंच जंगल, डोंगराच्या या अंगाला आपण राहतो.

आजी सांगायची की तिच्या सासऱ्यांच्या काळात मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून वर जायची आणि वरून गूळ, मिरची, घोंगड्या खाली यायच्या. घाटात गाडी चढत नाही, म्हणून पायथ्यापर्यंत गाडीवाट आणि पुढे बैलवाट. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेला घाटावरची माणसं जनावरं हाकत उतरायची, बैलांच्या घंटांचा आवाज आमच्या अंगणात यायचा म्हणे. म्हशाची जत्रा अजून भरते, बैलबाजार आणि घोंगड्या अजून असतात, पण जनावरं आता टेम्पोतून येतात. बोरघाटात १८३० ला गाडीरस्ता झाला, मग १८६३ ला रेल्वे, १८६५ ला थळघाटातून रेल्वे, आणि नाणेघाटाचा व्यापार आटला. म्हणूनच तर तो तसाच राहिला, रुंद नाही झाला, डांबर नाही पडलं.

आपल्या ठाणे शहरातसुद्धा डोळे उघडे ठेवले तर दिसतं. कोपरीचं मीठबंदर, घोडबंदर, गायमुख, कापूरबावडी, कल्याणचा बैलबाजार. या नावांतच जुन्या वाटा आहेत, बावडी म्हणजे वाटसरूची पाणी प्यायची जागा, बंदर म्हणजे वाटेचं टोक. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट सापडले, शके ९३९ चे म्हणजे १०१७ सालचे, त्यात दान दिलेल्या गावांच्या चतुःसीमा सांगितल्यात, पूर्वेला हे, दक्षिणेला ते, नदी, डोंगर, शेजारचं गाव. हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाने गावाची हद्द पायाने चालून बघितली आणि मग तांब्यावर लिहिली. नवी मुंबईत १९७० नंतर सिडकोने सरळ सेक्टर आखले, पण गावठाणात शिरलात की गल्ली एकदम वाकडी होते. ती वाकडी उगाच नसते, तो कुठल्यातरी शेताचा बांध किंवा मिठागराकडे जाणारी वाट असते. माझी एक मैत्रीण तिकडच्या आगरी घरातली, तिची आई अजून सांगते की आत्ता जिथे पार्किंग आहे तिथून बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन जायच्या. त्या आईला विचारून नकाशावर रेघ मारून घ्यायला कोणी जातंय का? ती ऐंशीच्या पुढे आहे.

कायद्याचं म्हणाल तर मी थोडं वाचलंय. वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं, शेताला रस्ताच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येतो. हे चांगले कायदे आहेत, पण ते बघतात शेतकऱ्याला जायला यायला मिळतंय का, वाट किती जुनी हा त्यांचा प्रश्न नाही. दुसरीकडे १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, त्यात शंभर वर्षांवरची इमारत, लेणं, शिलालेख, थडगं, एकसंध दगड असं सगळं आहे. मातीची झिजलेली वाट त्यात कुठे बसवायची? महसूलवाल्यांना ती रस्ता वाटते आणि पुरातत्त्ववाल्यांना ती माती वाटते, आणि मधल्या मधे ती जाते. जगात असं नाहीये. स्पेनमधली सान्तियागोची यात्रेची वाट १९९३ ला, जपानमधल्या किई डोंगरातल्या यात्रेच्या वाटा २००४ ला, दक्षिण अमेरिकेतल्या सहा देशांतून जाणारा इंका लोकांचा रस्ता २०१४ ला जागतिक वारसा झालाय. आपल्याकडे तर पंढरीची वारी आहे, वाट चालणं हीच भक्ती मानणारी माणसं आपण!

मला जागतिक यादी नको आहे. मला एवढंच हवंय की पाणंद रस्त्याचं काम मंजूर होतं तेव्हा त्या फाईलला एक पान जोडायचं. त्यावर वाटेची लांबी, मूळ रुंदी, सगळ्यात खोल जागी किती खोल, कडेची मोठी झाडं, विहीर, विरगळ, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड), देवाचे दगड जिथे आहेत तिथे, दोन्ही टोकांचे फोटो, आणि गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं की इथून पूर्वी कोण कुठे जायचं. कॉलेजच्या एनएसएसची मुलं हे एका शनिवारी करू शकतात. मोबाईल चालू ठेवून वाट चालली की रेघ आपोआप उमटते. दगड हलवायचाच असेल तर हलवायच्या आधी तो कुठल्या तोंडाने उभा होता तेवढं तरी लिहा, कारण विरगळ देवळामागे टेकवला की तो नुसता कोरीव दगड उरतो, तिथे कोण कशासाठी मेलं ते जागेशी बांधलेलं असतं. आणि ठाणे, नवी मुंबईच्या वारसा याद्यांमध्ये इमारतींच्या खाली निदान पाच-दहा वाटा तरी याव्यात. येऊरच्या पाड्यांना जोडणाऱ्या पायवाटा वारली माणसं रोज चालतात, तिथून सुरुवात करता येईल, त्यांनाच विचारून.

तुम्हाला विनंती अशी की आठवड्यातून एकदा चार इंच जागा द्या, वाचक आपापल्या गावची एक वाट लिहून पाठवतील, कुठून कुठे, कशी, कुणी वापरली. कितीतरी ठाणेकरांचं गाव मुरबाड, शहापूर, जुन्नर, अकोले इकडेच आहे, सुट्टीत जातातच.

सुरुवात माझ्यापासून करते. सोबत आमच्या गाडीवाटेचा फोटो जोडलाय, भावाच्या लग्नाच्या वेळी काढलेला, वरात त्यातूनच गेली होती. दोन्ही बाजूचे बांध आणि डावीकडे चिंचेखाली विरगळ दिसतोय, अर्धा, कारण पुढे आत्या उभी आहे. छापलात तर कापू नका, तो दगड मूळ जागी असलेला आमच्याकडे हा एकच फोटो आहे.

आपली नम्र,
एक वाचक, कळवा, ठाणे